ससा सापडेपर्यंत पाणी मफी

गुंडू राऊळला मत नाही असा विषय जगात नव्हता. पेट्रोलचे भाव, इंग्रजांची न्याहारी, उंटाची चाल, हेमावहिनींनी साबुदाण्याच्या खिचडीत घातलेली साखर, सगळ्यांवर तो कुणी विचारायच्या आत बोलून मोकळा होई. पण सशाला मारावं कसं, या विषयावर मात्र त्याच्याकडे मत नव्हतं. तिथे त्याचा धर्म होता.

तो कुडाळच्या बाजूचा. त्याच्या गावात होळीच्या सुमारास पुरुषमाणसं मिळून पारधीला जात. हाकारे करणारे वेगळे, जाळी धरणारे वेगळे, आणि जाळीत ससा पडला की तो आणून द्यायचा तो गुंडूच्या हातात. गुंडू मागचे पाय धरून त्याला उलटा लोंबता सोडी, जनावर क्षणभर सैल पडलं की उजव्या तळहाताच्या कडेने कानांच्या मागे, मानेच्या मुळाशी एकच फटका देई. मग बोटाच्या टोकाने डोळ्याला हात लावून बघे. पापणी हलली नाही की म्हणे, "सुटलो," म्हणजे ससा सुटला. ज्याला दुसरा फटका मारावा लागे, त्याला त्या दिवशीच्या मटणाचा रस्सासुद्धा मिळत नसे. गुंडूला आयुष्यात दुसरा फटका लागला नव्हता, निदान तो तसं सांगे, आणि इतक्या वेळा सांगे की ऐकणाऱ्यालाच एखादा फटका खावा असं वाटे.

गावाचा आणखी एक कायदा होता, आणि तो गुंडूच्या हाडात मुरला होता. जनावर जखमी होऊन पळालं तर ते सापडून सुटेपर्यंत पारधीतल्या कुणीही पाणी प्यायचं नाही. पोलीस पाटील असो नाहीतर मुंबईहून आलेला जावई असो. तिकडे ते रानात तडफडतंय आणि इकडे तुम्ही तांब्या तोंडाला लावताय, हे चालायचं नाही. सापडलं की ज्याने ते जखमी केलं त्याने आधी त्याच्या अंगावर हात ठेवायचा, मग पहिलं पाणी त्या माणसाला. या कायद्यामुळे गावातले बेताचे नेमबाज बंदूक उचलायच्या आधी घशाचा विचार करत.

हा असा माणूस चौऱ्याहत्तर साली बहरीनला ड्रायव्हर म्हणून आला आणि रिफातल्या बू राशिदच्या घरी लागला. राशिदचा बाप म्हणून बू राशिद. म्हाताऱ्याचं खरं नाव बँकेखेरीज कुणी घेत नसे. तरुणपणी तो मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिला होता, तिथून त्याने मोती आणले तसं हिंदीही आणलं होतं. मोती केव्हाच विकले गेले. हिंदी मात्र कुणी विकत न घेतल्यामुळे अजून त्याच्याकडेच होतं. एक गुडघा दुखरा, दाढी मेंदी लावलेली, आणि शुक्रवारची सकाळ आली की रिफाच्या दक्षिणेच्या वाळवंटात सशांच्या मागे जायचं वेड. त्यासाठी त्याने सलुकी कुत्रे पाळले होते, लांब तोंडाचे, रेशमी कानांचे आणि इतके सडपातळ की गुंडूने पहिल्या दिवशी त्यांना आपल्या डब्यातली चपाती घातली, आणि घरात कुत्र्यांना उपाशी ठेवतात म्हणून स्वयंपाकघरात तक्रारही केली.

स्वयंपाकघर जैनुद्दीनचं. तो दापोलीचा, त्यामुळे गुंडूच्या सगळ्या तक्रारी त्याच्या वाट्याला येत.

पहिल्याच शुक्रवारी घोटाळा झाला. कुत्र्यांनी ससा धरला तो जिवंत. बू राशिद जीपमधून उतरून गुडघा सांभाळत येत होता. गुंडू जवळ होता. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, असा शुद्ध विचार करून त्याने कुत्र्याच्या तोंडातून ससा सोडवला, उलटा धरला आणि आपल्या गावाचं नाव राखलं. बू राशिद सुरी हातात घेऊन पोचला तेव्हा गुंडू सशाच्या डोळ्याला बोट लावून बक्षिसाची वाट बघत उभा होता.

"ये क्या किया?"

"खलास किया, बाबा. एक फटके में. देखो, आंख नहीं हिलता."

"अब ये खायेगा कौन?"

गुंडूला प्रश्न कळला नाही. "सब खायेगा," तो म्हणाला. "पहले पाहुणे लोग."

बू राशिदने सुरी म्यानात घातली आणि जीपमध्ये जाऊन बसला. उलगडा जैनुद्दीनने केला.

"अरे माझ्या राजा, ससा जिता असताना अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरली तरच तो आमच्या ताटात येतो. तू हाताने मारलास. आता तो आमच्यासाठी मेलेला."

"मगे खाताना तो मेलेलोच असता ना? जितो कोण खाता?"

"तुला समजवायला मौलवी नको, डॉक्टर पाहिजे," जैनुद्दीन म्हणाला आणि त्याने आपली भांडी उचलून वर ठेवली. गुंडूने तो ससा गॅरेजच्या मागे तुपाच्या डब्यात शिजवून एकट्याने खाल्ला, आणि खाताना मुद्दाम वास स्वयंपाकघराच्या खिडकीकडे जाईल अशा बेताने बसला.

पण वाद मटणाचा राहिला नाही. पुढच्या शुक्रवारी जीप रिफाबाहेर पडली तसं गुंडूने तोंड उघडलं. सुरी म्हणजे वेळ लागणार. सशाला कळणार. फटक्यात कळायच्या आत काम होतं. बू राशिदने सगळं ऐकून घेतलं. दुपारी कुत्र्यांनी ससा धरला तेव्हा त्याने गुंडूला हाताने खूण करून लांब उभं केलं. कुत्र्यांना पाठमोरं बसवलं. सुरी बाहीत होती, ती सशाला दिसलीच नाही. म्हाताऱ्याने आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओठातल्या ओठात नाव घेतलं, आणि गुंडूला सुरी निघालेली दिसली तोवर ती पुसलीसुद्धा जात होती.

गुंडू तमाशाच्या परीक्षकासारखा हाताची घडी घालून उभा होता. "ठीक है," तो म्हणाला. "मेरे हात जैसा नहीं. लेकिन ठीक है."

"तुम्हारा भी ठीक है," बू राशिद म्हणाला. "मेरी सुरी जैसा नहीं."

इथून दोघांची दोस्ती सुरू झाली. तिला दोस्ती म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून, कारण एकमेकांशी ते भांडण्याखेरीज फारसं काही करत नसत. बू राशिदचे नियम गुंडूच्या गावाइतकेच कडक निघाले. जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही. एकासमोर दुसऱ्याला मारायचं नाही. सुरी दुसऱ्यांदा फिरवायची वेळ आली तर मारणाऱ्याने घरी बसावं. एकदा राशिदने लंडनहून सुऱ्यांची पेटी आणली. म्हाताऱ्याने त्यातली एक अंगठ्यावर घासून बघितली आणि म्हणाला, "इससे तो टमाटर भी रोयेगा." ती पेटी जैनुद्दीनला मिळाली. त्याचंही मत तेच पडलं.

शेवटी एक रीत ठरली. कुत्र्यांच्या तोंडातून ससा सोडवायचा तो गुंडूने, कारण त्याचे पाय धावत. त्याने सशाच्या डोळ्यांवर तळवा ठेवून त्याला मांडीशी दाबून धरायचं, म्हणजे अंधार झाला की तो थरथरायचा थांबतो. बू राशिदने बाजूने यायचं आणि सुरी फिरवायची. ससा फारच जखमी असेल आणि म्हातारा लांब असेल, तर वाट न बघता गुंडूने फटका मारायचा. मग ते मटण घराचं नाही, कुत्र्यांचं आणि गुंडूचं. यात गुंडूचा फायदा आहे अशी जैनुद्दीनला कायम शंका असे.

अशी काही वर्षं मजेत गेली. गुंडू आता 'यल्ला' आणि 'मफी' या शब्दांवर संसार चालवी. यल्ला म्हणजे चल, मफी म्हणजे नाही. दूध मफी, रजा मफी, डोकं मफी. घरी बायकोला, लक्ष्मीला, तो पत्रांतून वाळवंटाचं वर्णन कळवी, त्यात प्रत्येक ससा कुडाळच्या सशापेक्षा थोडा हडकुळा असे. स्वाभिमानाचा प्रश्न होता.

मग राशिदच्या डोक्यात जहाजं शिरली.

राशिद म्हाताऱ्याचा थोरला. सूट घाली, घड्याळ बघे, आणि बाप वाळवंटात जातो याची त्याला जरा लाज वाटे. मीना सलमान बंदराजवळ त्याची गोदामं होती, आणि एका ग्रीक जहाजवाल्याची एजन्सी त्याला हवी होती. तो ग्रीक, स्ताव्रोस नावाचा, पोटाने मोठा, हसण्याने त्याहून मोठा, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात बहरीनला आला. जेवताना त्याने सांगितलं की आपल्या बेटावर आपल्यासारखा शिकारी नाही. राशिदला वाटलं, चला, बापाचा काही उपयोग झाला.

शुक्रवारी सगळे निघाले. कुत्रे नव्हते, कारण स्ताव्रोसला कुत्र्यांनी शिंका येत. बंदूक त्याची होती, नवी कोरी. गुंडूने ती बघितली आणि बंदूक धरणाऱ्याला बघितलं, आणि बू राशिदकडे तोंड वाकडं करून बघितलं. म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. पाहुणा म्हणजे पाहुणा.

जबल दुखानच्या टेकडीअलीकडे, खुरट्या काटेरी झुडपांत, ससा उठला. तो इतका लांब होता की गुंडूच्या गावात त्या अंतरावर लोक ओळख दाखवत नाहीत. स्ताव्रोसने जीपमधूनच बार काढला. ससा कोलमडला, उठला, आणि मागचा एक पाय फरफटवत झुडपांत दिसेनासा झाला.

"लागला," स्ताव्रोस इंग्रजीत म्हणाला, आणि हसत बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "चला. भूक लागली. त्याला आता कोल्हे बघतील."

राशिदही हसला. त्याने गुंडूच्या खांद्याला बोट लावलं. "यल्ला, घर."

गुंडूने इंजिन बंद केलं, चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि खाली उतरला. मग मागे जाऊन त्याने पाण्याचा थंडगार डबा ठेवलेलं जीपचं मागचं दार लावलं, त्याला कुलूप ठोकलं आणि खिडकीशी येऊन, हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणावी तसा उभा राहिला.

"अर्नब मफी," तो म्हणाला, "तो पाणी मफी."

अर्नब म्हणजे ससा. एवढं अरबी त्याला येत होतं. जीपमध्ये कुणाला काही कळेना. राशिदने त्याला हिंदीत विचारलं, हा काय प्रकार आहे. गुंडूने समजावून सांगितलं, आपल्या गावचा कायदा आहे, पाहुण्याने वाईट वाटून घेऊ नये, जावयालासुद्धा हाच असतो. आणि झुडपांकडे चालायला लागला.

आता ही चूक फक्त गुंडूच करू शकत होता. कुडाळात पाहुण्याला पाणी न देणं हा पारधीचा मान. बहरीनात वाळवंटात पाहुण्याला पाणी न देणं म्हणजे त्याच्या बापाला शिवी देण्याच्या पलीकडे. बू राशिदचा चेहरा मेंदीच्या दाढीपेक्षा लाल झाला. त्याला चावी नेल्याचा राग नव्हता, घर लांबल्याचाही नव्हता. पाण्याचा होता. तो दुखरा गुडघा विसरून खाली उतरला आणि गुंडूच्या मागे निघाला.

"गुंडू. चावी दे. पानी निकाल."

"देगा, बाबा. पहले अर्नब."

"मेहमान है वो."

"वो ससा भी किसी का मेहमान होयेगा."

म्हाताऱ्याने त्याला मजनून म्हटलं, म्हणजे वेडा, आणि पुढे अरबीत बरंच काही म्हटलं जे समजायला मजनून असण्याची गरज नव्हती. गुंडू मागे न बघता जमिनीकडे बघत चालला होता. वाळूवर एक थेंब, मग फरफटल्याची रेघ, मग काहीच नाही. तो उजवीकडे वळला.

"गधे, बायें," मागून बू राशिद ओरडला. "हवा किधर से है? जखमी जानवर हवा के साथ जाता है." आणि मग पुन्हा, "चावी दे."

गुंडू डावीकडे वळला. रेघ सापडली. यानंतर म्हाताऱ्याने चावी दोनदाच मागितली, तीही सवयीने. तो आता थांबून थांबून वाकत होता, झुडपांची पानं उलटून बघत होता, आणि गुंडूला ओरडून दिशा देत होता. पण गुडघा तो गुडघाच. अंतर वाढत गेलं.

ससा एका झुडपाच्या मुळाशी होता. पोट धपापत होतं. पाय मोडून उलटा वळला होता आणि त्यावर वाळू चिकटली होती. गुंडूला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

गुंडूने त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवला आणि मागे वळून बघितलं. बू राशिद पार लांब होता, पांढऱ्या कापडाचा एक ठिपका, काठीवर टेकून दम खाणारा. सुरी त्याच्या कमरेला होती.

गुंडू काही इतका भोळा नव्हता. जैनुद्दीनच्या शब्दांत सांगायचं तर त्याच्या डोक्यात भुसा होता, पण चांगल्या प्रतीचा. त्याला स्वच्छ दिसत होतं की ससा जिवंत ठेवून म्हाताऱ्याची वाट बघितली तर सुरी फिरेल, ससा हलाल होईल, जैनुद्दीन तो मसाला लावून भातावर ठेवील, स्ताव्रोस स्वतःची शिकार खाऊन हसेल, आणि ज्याने ती शोधून आणली त्या ड्रायव्हरचं पाणी-बिणी सगळे विसरून जातील. फटका मारला तर हातात राहील एक मेलेला ससा, जो त्या घरात कुणी खाणार नाही, आणि दोन संतापलेले मालक. व्हिसा, पगार, कुडाळचं अर्धवट राहिलेलं घर, सगळं त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर अवलंबून होतं.

तळव्याखाली सशाचं काळीज टकटक करत होतं.

"थांब म्हणून कोणाक सांगू?" गुंडू स्वतःशीच म्हणाला. "तुका?" त्याने त्याला उचललं, मोडक्या पायाला धक्का लागणार नाही असं धरलं, आणि हात उचलला.

बू राशिद पोचला तेव्हा गुंडू सशाच्या डोळ्याला बोट लावून बसला होता. म्हातारा वाकला, त्यानेही बोट लावून बघितलं. मग पायाकडे बघितलं. 

"एक?" त्याने विचारलं.

"एकच," गुंडू दुखावल्या स्वरात म्हणाला.

"जेन," म्हातारा म्हणाला, म्हणजे छान. "अब पानी के वास्ते जूता मैं मारेगा तेरे को."

जीपपाशी परतल्यावर गुंडूने कायद्याप्रमाणे सगळं केलं. ससा स्ताव्रोसच्या समोर धरला आणि हात लावायला सांगितलं. स्ताव्रोसने लावला नाही. तरी गुंडूने दार उघडलं, पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला. स्ताव्रोसने पेला घेतला, गुंडूच्या डोळ्यांत बघितलं आणि पाणी वाळूत ओतलं. मग दुसऱ्या पेल्याची वाट न बघता राशिदला म्हणाला, "हा माणूस उद्या माझी माफी मागेल, नाहीतर मी दुसरा एजंट बघेन." गुंडू स्वतः घरी येऊन, ससा कुत्र्यांना वाटून, मग पाणी प्यायला.

राशिदने त्या संध्याकाळीच सांगून टाकलं. उद्या मीना सलमानच्या ऑफिसात येऊन सॉरी, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि मुंबईचं तिकीट.

तयारी करून घ्यायला राशिदच्या ऑफिसातले अकाउंटंट गुरुप्रसाद कुलकर्णी आले. मूळचे पुण्याचे, इथे शहरातल्या नईम भागात राहायचे, कपाळावर कायम 'माझा यात काही संबंध नाही' अशी आठी. बरोबर त्यांची बायको, हेमावहिनी, होत्या.

"सोपं आहे," गुरुप्रसाद म्हणाले. "आय ॲम व्हेरी सॉरी फॉर माय बिहेवियर. म्हण."

"बिहेवियर म्हणजे काय?"

"तुझं वागणं."

"सगळा वागणा? लहानपणापासूनचा?"

"तेवढ्याची माफी मागायला लागला तर ग्रीक म्हातारा होऊन मरेल," हेमावहिनी म्हणाल्या. "गुंडूभाऊ, तोंडाने दोन शब्द म्हटले तर काय झिजतं तुमचं? लक्ष्मीचा विचार करा जरा."

"वयनी, लक्ष्मीक कळला की मिया ससो तडफडत टाकून इलंय, तर ती माका घरात घेवची नाय. तिचो बापूस पारधीचो म्होरक्यो आसा."

जैनुद्दीनने कांदा चिरता चिरता मान हलवली. "सॉरी म्हण आणि मनात शिवी दे. निम्मं गल्फ त्याच्यावर चाललंय." सगळ्यांनी मिळून इतकं समजावलं की शेवटी गुंडू "बघूया" म्हणाला. गुरुप्रसादना वाटलं, काम झालं. त्यांनी गुंडूला पूर्वी कधी 'बघूया' म्हणताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्ताव्रोस खुर्चीत, राशिद त्याच्या बाजूला, बू राशिद कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकवून. भाषांतराला गुरुप्रसाद. गुंडू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो हिंदीत म्हणाला:

"चावी लेके गया, उसका सॉरी. पानी बंद किया, उसका भी सॉरी. यहां का रिवाज मेरे को मालूम नहीं था, अब मालूम है. मेरा भी गला सूखा था." इथे तो थांबला. "ससे का सॉरी नहीं. मारना आता नहीं तो बंदूक मत उठाव. मारा तो उसको छोड के मत जाव. ये साहब बोलना चाहिये सॉरी. मेरे को नहीं. ससे को."

गुरुप्रसादांनी गळा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, ही इज व्हेरी व्हेरी सॉरी फॉर एव्हरीथिंग."

एवढं मोठं भाषण एवढ्याशा इंग्रजीत मावलेलं बघून गुंडूला संशय आला. आणि 'एव्हरीथिंग' त्याला येत होतं. सुपरमार्केटच्या दारावर लिहिलेलं असे.

"नो," तो स्ताव्रोसला म्हणाला. "नो एव्हरीथिंग. चावी सॉरी. पाणी सॉरी. अर्नब नो सॉरी. यू सॉरी."

गुरुप्रसाद त्या क्षणी पुण्याला असते तर त्यांना फार आवडलं असतं. स्ताव्रोस लाल झाला, उठला, स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलला आणि बाहेर गेला. राशिदने दाराकडे बोट दाखवलं. कोपऱ्यातून बू राशिद खोकला. तो खोकला होता की काय होतं, ते कळावं म्हणून राशिदने बापाकडे वळून बघितलं तेव्हा म्हातारा काठीची मूठ पुसत होता.

व्हिसा कॅन्सल करायला पासपोर्ट हवा. पासपोर्ट म्हाताऱ्याच्या कपाटात, कारण गुंडूचा व्हिसा म्हाताऱ्याच्या नावावर. राशिदने तो मागितला. "इंशाल्ला," बू राशिद म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितला. "इंशाल्ला." देवाची इच्छा असेल तर मिळेल, आणि देवाची इच्छा काही होईना. तोवर स्ताव्रोसने एजन्सी देऊनही टाकली, कारण राशिदची गोदामं बंदराला सगळ्यांत जवळ होती, आणि असल्या व्यवहारात सशांना कोणी विचारत नाही.

पण राशिद शब्दाचा पक्का. गुंडूने घरच्या गाडीच्या स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याला मीना सलमानच्या गोदामात पोती उतरवून घ्यायला पाठवलं. घरात नवा ड्रायव्हर आला, नझीर नावाचा, शांत, नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, शुक्रवारी मी गाडी चालवणार नाही आणि कुत्र्यांच्या वासाने मला उलटी होते.

गोदामात गुंडूला माफी मागून परत येण्याचा निरोप राशिदने दोनदा पाठवला. दोन्ही वेळा गुंडूने निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि चहाच्या विषयावर मत दिलं. घरी त्याने लक्ष्मीला कळवलं की आपली बढती होऊन बंदर खात्यात नेमणूक झाली आहे.

मग एका शुक्रवारी सकाळी गोदामाच्या फाटकावर मोठा आवाज झाला. फाटकातला रिकामा पिंप घरंगळत थेट भिंतीला लागला आणि त्याच्या मागून जीप आत आली. मागे दोन सलुकी एकमेकांना धरून बसावेत तसे बसले होते. स्टिअरिंगवर बू राशिद होता. मुंबईत असताना त्याने गाडी शिकायला सुरुवात केली होती. ती सुरुवात अजून चालू होती.

"यल्ला," तो म्हणाला. "चलो."

गुंडू ड्रायव्हरच्या बाजूला गेला, हात दाराच्या मुठीपर्यंत नेला आणि मागे घेतला. "मना है, बाबा. राशिदने सबके सामने बोला."

"मैं बोलता है चलाव."

"आप बोलेगा, राशिद नहीं बोला." गुंडूचा स्वाभिमान असा होता की कधी कुणाच्या बाजूने लढेल ते सांगता येत नसे. तो वळसा घालून गेला, बाजूचं दार उघडलं, सीटवर बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपमध्ये पाय लांब केले.

त्यानंतर कितीतरी हिवाळे, समुद्रावर सौदीकडे जाणारा पूल बांधून होईपर्यंत, रिफा ओलांडून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर दर शुक्रवारी हे दृश्य दिसे: मालक घामाघूम होऊन गाडी चालवतो आहे आणि बाजूला गोदामातला माणूस काचेवर कोपर टेकवून त्याला गाडी कशी चालवावी ते सांगतो आहे. वाळवंटात पोचले की सुरी म्हाताऱ्याची, तळवा गुंडूचा. म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले त्या वर्षी त्याने स्वतःच सुरी जैनुद्दीनच्या हातात दिली. "दो बार फिराने से अच्छा, नहीं फिराना," तो म्हणाला. तेव्हापासून जैनुद्दीनही मागे कुत्र्यांत बसू लागला, नाक मुरडत, आणि गुंडूला आपली सुरी त्याच्या हातापेक्षा किती चांगली हे दर वळणावर ऐकवू लागला.

एकदा राशिदने त्यांना रस्त्यात गाठलं. त्याच्या नव्या गाडीतून तो समोरून येत होता. बाप स्टिअरिंगवर, ड्रायव्हर पाय पसरून, स्वयंपाकी कुत्र्यांत, असं बघून त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर केले.

बू राशिदला तो लांबूनच दिसला. त्याने डोळे बारीक केले.

"राशिद है," तो म्हणाला. "रोकूं?"

गुंडूने सूर्याकडे बघितलं. ऊन चढायला लागलं होतं, आणि एकदा ऊन चढलं की ससे झुडपांत शिरून बसतात. "बाजू से निकालो," तो म्हणाला. "और बाबा, दूसरा गियर निकाल के तिसरा डालो. कबसे बोल रहा है मैं."

म्हाताऱ्याने दुसराच ठेवला, जीप किंचाळत राशिदला वळसा घालून पुढे गेली, आणि मागच्या काचेतून जैनुद्दीनने धाकट्या मालकाला सलाम केला.